९ ते १३ : मुलांचे मधल्या वयाचे फोटो जातात कुठे?

शहापूरकरीण · सोमवार, रात्री १०.५०

लेक यंदा सातवीत आहे. शाळेतून निरोप आलाय, निरोप समारंभाला भिंतीवर लावायला प्रत्येकानं जन्मापासूनचे फोटो आणायचे, वर्षाला एक. म्हटलं, त्यात काय. काल जेवणं आवरून बसले ते रात्रीचा दीड वाजला.

पहिल्या वर्षाचे फोटो ११४० निघाले. बारसं, उष्टावण, जावळ, बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने, त्यातला अर्धा मुकुट तिनं चाटून संपवलेला. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे मिळून पाचशे. बालवाडीत कित्तूरची राणी चन्नम्मा झाली होती, एका हातात पुठ्ठ्याची तलवार आणि दुसऱ्या हातात डबा, तो फोटो तर घरात सगळ्यांना पाठ आहे. मग पहिलीचा पहिला दिवस. समोरचे दोन दात पडले ते. आणि नववं वर्ष लागल्यावर एकदम दुष्काळ. त्यानंतर तिचा एकटीचा, तोंड समोर असलेला असे तीनच सापडले. एक ओळखपत्राचा. एक कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीत, घास तोंडात. एक डॉक्टरांना पाठवायला काढलेला, पुरळ दिसावं म्हणून.

इतकी वर्षं मी तिच्याबरोबर त्याच घरात होते हो!

प्रश्न दोन. तुमच्याकडे पण असंच आहे का? आणि आता तरी तिचा एक धड फोटो काढायचा तर कसा काढू? कॅमेरा दिसला की हात आडवा धरते, रिव्हर्स येणारा ट्रक थांबवतात तसा. समारंभ पंधरा दिवसांवर आहे.

कुंदाप्रेमी · सोमवार, रात्री ११.०४

पुरळाचा लावा की. वर्षाला एक म्हणालेत, चांगला कुठं म्हणालेत.

खडेबाजारचा_बाळू · सोमवार, रात्री ११.१५

पहिल्या पोराचे हजार, दुसऱ्याचे शंभर, तिसऱ्याचं आधारकार्ड. मी तिसरा.

जांबोटीकर · सोमवार, रात्री ११.३१

बाळूदादा, हसण्यावारी नेऊ नका. बाल आधार काढताना पाच वर्षांखालच्या पोराचे बोटांचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो. मग ५ पूर्ण झाली की ठसे, डोळे, नवा फोटो. आणि पुन्हा १५ ला. मधली दहा वर्षं पोरगं कसं दिसतंय याचं सरकारला पण काही पडलेलं नाही. माझ्या पुतण्याला मिशी फुटली तरी कार्डावर गाल फुगवून बसलाय. रेल्वेतल्या टीसीनं एकदा कार्ड बघितलं, त्याच्याकडं बघितलं, परत कार्ड बघितलं आणि म्हणाला, "वडलांचं नको, तुझं दाखव." उलटंच झालं ते, पण तो तसं म्हणाला.

मलप्रभेकाठी · मंगळवार, सकाळी ७.१०

आमच्याकडे पण तसंच, पण कारण मला माहीत आहे. आपण पोराचा फोटो काढतच नाही, आपण 'पहिल्यांदा'चा फोटो काढतो. पहिल्यांदा बसला, पहिल्यांदा चालला, पहिल्यांदा शाळेत गेला. नऊ ते तेरामध्ये पहिल्यांदा काय होतं? पहिल्यांदा उलट बोलला. तेव्हा कुणाच्या हातात कॅमेरा नसतो, लाटणं असतं.

आज्जीबाई_टिळकवाडी · मंगळवार, सकाळी ९.४०

तुम्हाला ११४० जास्त झाले, आमच्या वेळी एकाचीही पंचाईत होती. सासूबाईंचा हुकूम होता, जावळ निघेपर्यंत मुलाचा फोटो काढायचा नाही, दृष्ट लागते, आयुष्य कमी होतं. जावळ झालं, १९७६ साल, तेव्हा थोरल्याला घेऊन आम्ही टांग्यातून बेळगावच्या कॅम्पात एका स्टुडिओत गेलो. मागे पडदा, त्यावर जिना आणि तळं रंगवलेलं. जिना कुठेच जात नव्हता, मी बघितलं होतं. सासूबाईंनी निघताना गालावर चांगलं रुपयाएवढं काजळाचं बोट लावून दिलं. आठ दिवसांनी फोटो हातात आला तर गाल स्वच्छ! फोटोवाल्यानं बिचाऱ्यानं डाग समजून काढून टाकला होता. सासूबाईंनी तो फोटो घरात लावू दिला नाही. शेवटी मी काचेवरून तीट लावली आणि मग भिंतीवर चढवला. अजून आहे. दर दिवाळीला काच पुसली की नवीन तीट लावते. मुलगा आता पन्नाशीला आलाय.

डार्करूम · मंगळवार, सकाळी १०.२२

आज्जीबाई, तो स्टुडिओ माझा नव्हता, पण अशी तीट मी शंभर तरी पुसली असेल. कसं व्हायचं सांगतो. काजळ काळं, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा काचेसारखी मोकळी. तिथं अणकुचीदार पेन्सिलीनं हलके हलके शिसं भरलं की छापताना तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर गाल गोरा उठतो. मुरूम, देवीचे वण, तीट, पेन्सिलीला सगळं सारखंच. आमचे वस्ताद म्हणायचे, गिऱ्हाईक डाग काढल्याबद्दल भांडत नाही, राहिल्याबद्दल भांडतं. तुमच्या सासूबाई त्यांना भेटल्या नव्हत्या.

शहापूरकरीणताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. दुपारी वेळ आहे.

कुंदाप्रेमी · मंगळवार, सकाळी १०.३०

स्टुडिओ बंद केल्यापासून तुम्हाला दुपारच दुपार आहे काका.

निपाणीकर_वखारवाले · मंगळवार, दुपारी १२.१५

वखारवाले म्हणजे वखारीचे मालक नव्हे बरं का. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती म्हणून नाव घेतलंय.

तुमी ९ ते १३ म्हणताय. माझा ० ते १५ मध्ये एकबी फोटो न्हाई. खोटं न्हाई सांगत. पहिला फोटो एसएसएलसीच्या, म्हंजे दहावीच्या, हॉल तिकिटासाठी काढला, पासपोर्ट साईझ, शर्ट शेजारच्या दादाचा. त्या फोटोवर शाळेचा गोल शिक्का मारला तो नेमका निम्मा गालावर. लहानपणी मी कसा होतो इचारलं की आई म्हणायची, "तुझ्या पोरासारखा." पोरगं झालंच नव्हतं तवा बी तसंच म्हणायची.

आता पोरगा आठ वर्षांचा हाय. दर रविवारी एक फोटो काढतो, दारात उभा करून, चौकटीला पाठ लावून. बायको म्हणते पोलीस ठाण्यात काढतात तसं दिसतंय. दिसू दे. चौकट तीच हाय, पोरगं वर सरकतंय. गेल्या दोन वर्षांत कडीपाशी आलंय.

मलप्रभेकाठी · मंगळवार, दुपारी १२.४०

वखारवाले दादा, तो चौकटीचा बंद करू नका. बायकोला सांगा, गुन्हा सिद्ध होईपर्यंत चालणार म्हणून.

राजहंस · मंगळवार, दुपारी १.०५

निपाणीकरांची रीत जगात मान्य आहे. निकोलस निक्सन म्हणून अमेरिकन छायाचित्रकार आहे, त्यानं बायको आणि तिच्या तीन बहिणी अशा चौघींचा फोटो १९७५ पासून चाळीसहून जास्त वर्षं दरवर्षी काढला. चौघी दरवेळी त्याच क्रमानं उभ्या. बाकी काही नाही, कपडे रोजचे, जागा कुठलीही. क्रम बदलत नाही म्हणून चेहरा बदललेला दिसतो.

खडेबाजारचा_बाळू · मंगळवार, दुपारी १.११

आमच्यात तीन भावांना एका क्रमानं उभं करायचं तर आधी वाटण्या कराव्या लागतील.

डार्करूम · मंगळवार, दुपारी ३.५०

लिहितो म्हणालो होतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

३४ वर्षं स्टुडिओ चालवला. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक पोरांचंच. मूल जन्मतं तेव्हा डोकं अंगाच्या पाव भागाएवढं असतं, मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा राहतं. पोर वाढतं म्हणजे डोक्याखालचं अंग त्याला गाठत असतं. हे एकदा लक्षात आलं की कुठल्या वयाला कॅमेरा कुठं धरायचा ते आपोआप कळतं.

बारा दिवसांच्या बाळाला वीतभरापलीकडचं नीट दिसत नाही. त्याला "इकडं बघ" म्हणण्यात अर्थ नाही. दूध पिऊन झोपलेलं असताना, खिडकीच्या कडेला, खोली उबदार ठेवून काढा. आजकाल हनुवटीखाली दोन हात घेऊन बसलेल्या तान्ह्याचे फोटो येतात ते बघून घरी प्रयोग करू नका. ते दोन फोटो जोडलेले असतात, एकात कुणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं. तान्ह्याची मान तसं धरू शकत नाही.

दीड-दोन महिन्यांनी आपल्याकडं बघून हसायला लागतं. त्याच्या आधीचं हसू झोपेतलं, सटवाई हसवते म्हणतात ते.

फोटोवाल्याला सोन्यासारखं वय म्हणजे सात-आठ महिने. बसतं, पण रांगत नाही. ठेवलं तिथं राहतं! तुम्ही एकाचा वाढदिवस धरून येता आणि तोपर्यंत त्याला पाय फुटलेले असतात. आम्ही मग खुळखुळा, किल्ल्यांचा जुडगा, तोंडानं कावळा, सगळं करायचो. माझा मदतनीस गोकाककडचा, मराठी पोर असलं तरी कानडीत "इल्ली नोड, इल्ली नोड" करायचा. पोरं बघायची. परकी भाषा कानावर पडली की पोर रडायचं थांबतं, हा माझा अनुभव. शास्त्र माहीत नाही.

चालायला लागलं की जमिनीवर बसा, बसा म्हणजे खरंच मांडी घाला. वरून काढलेल्या फोटोत सगळी पोरं टाळू आणि बूट. पळत असेल तर शटर पाचशेच्या (सेकंदाचा पाचशेवा भाग) आसपास ठेवा, अडीचशेच्या खाली हात फरफटतो. फोनवाल्यांनी उन्हातून कडेच्या सावलीत यावं, पण सावली उजेडाच्या तोंडाशी हवी. सोप्यातला उंबरठा उत्तम. काचेच्या कौलाखाली नको, वरून पडलेल्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. आणि पावसाळ्याला नावं ठेवू नका. जुलैत खानापूरच्या बाजूला दिवसभर जो पांढरा उजेड असतो तसला पैसे टाकून मिळत नाही.

आता तुमची लेक. नऊ ते तेरा हे वय स्टुडिओत यायचंच नाही, हे तुम्ही म्हटल्यावर माझ्या ध्यानात आलं. माझ्या वह्या अजून आहेत, काल रात्री चाळल्या. बारसं, वाढदिवस, मुंज, मग एकदम हॉल तिकीट. मुंजीत सुद्धा फोटो मुंजीचा, पोराचा नव्हे.

त्या वयाच्या पोराला उभं करू नका. हातपाय लांब झालेले असतात आणि ते कुठं ठेवायचे त्याला कळत नसतं. हाताला काम द्या. शेंगा फोडायला, सायकलची चेन बसवायला, काहीही. तोंडाजवळ फोन नेऊ नका, जवळून नाक मोठं येतं आणि त्या वयात नाक आधीच तोंडाच्या पुढं धावत असतं. पाच-सहा फूट मागं सरका आणि दुप्पट झूम करा. एका बाजूनं खिडकी, दुसऱ्या बाजूला पांढरं धोतर नाहीतर चादर धरा, सावली उजळते. हसायला सांगू नका. "हस" म्हटलं की त्या वयाची पोरं दात दाखवतात, हसत नाहीत.

आणि एकच काढा. आमच्या रोलमध्ये १२ फ्रेम असायच्या, एका पोराला एक, फार तर दोन. तुम्ही चाळीस काढता आणि पोराला चाळीस वेळा कळतं की मागचा चांगला आला नाही.

आज्जीबाई_टिळकवाडी · मंगळवार, संध्याकाळी ५.०२

"नाक तोंडाच्या पुढं धावत असतं." अगदी. आमच्या धाकटीचं अजून थांबलेलं नाही.

मलप्रभेकाठी · मंगळवार, संध्याकाळी ५.४८

काकांचं वाचून जुना अल्बम काढला. माझा वर्षाचा फोटो, खुर्चीवर बसलेय, आणि खुर्चीच्या मागून एक हात माझ्या कमरेला धरून आहे. हिरव्या बांगड्या. बाकी माणूस पडद्याआड. आईला विचारलं, "मीच की गं, तू पडायचीस ना." आईचे लग्नापासून मी पहिलीत जाईपर्यंत फोटोच नाहीत. म्हणजे तेव्हाची आई म्हणून आमच्याकडे एवढा हातच आहे.

राजहंस · मंगळवार, संध्याकाळी ६.१५

आत्ता बघितलं. आमच्यात पण हात आहे. पुरुषाचा, घड्याळवाला. वडील म्हणतात माझा नाही. पेच पडलाय.

जांबोटीकर · मंगळवार, संध्याकाळी ६.२०

हात सापडला. बाईचा. पाच बोटांत तीन अंगठ्या. आत्त्या!

खडेबाजारचा_बाळू · मंगळवार, संध्याकाळी ६.२२

माझा फोटोच नाही तर हात कुठून येणार.

डार्करूम · मंगळवार, संध्याकाळी ७.००

हे हात आम्ही फ्रेम करताना कापायचो. गिऱ्हाईकच सांगायचं कापा म्हणून. तुमचे राहिलेत म्हणजे कारागीर आळशी होता.

अनगोळकर · मंगळवार, रात्री ९.१२

फोटो बघायला काढलेच आहेत तर पालथे करून पण बघा. आमच्या एकाच घरातल्या तीन पोरांच्या फोटोंमागं स्टुडिओचे शिक्के आहेत. थोरल्या काकांचा १९५४ चा, मागं 'मुंबई राज्य'. वडिलांचा १९६१ चा, 'म्हैसूर राज्य'. माझा १९८८ चा, 'कर्नाटक'. गल्ली तीच, घर तेच, पाळणा सुद्धा तोच. १९५६ ला एक पाटी बदलली, १९७३ ला दुसरी. माझ्या मुलाच्या फोटोमागं काहीच नाही, कारण कागदच नाही.

खडेबाजारचा_बाळू · मंगळवार, रात्री ९.३०

आणि २०१४ ला बेळगावचं बेळगावी. ते पण लिहा.

सह्याद्री_७ · मंगळवार, रात्री ९.४१

आम्ही बेळगावच म्हणणार.

गोकाक_करदंट · मंगळवार, रात्री ९.४४

तुम्ही काय पण म्हणा, बसवर काय लिहिलंय ते बघून चढा.

सह्याद्री_७ · मंगळवार, रात्री ९.४५

बसचं बोलू नका. १९५६ पासून

संपादक मंडळ · मंगळवार, रात्री ९.५८

यानंतरचे १७ प्रतिसाद काढून टाकले आहेत. धागा मुलांच्या फोटोंचा आहे. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, त्याला यंदा अकरावं वर्ष लागलंय. (त्याचेही नवव्या वर्षानंतरचे फोटो नाहीत.)

मलप्रभेकाठी · मंगळवार, रात्री १०.०५

संपादकांना आज कुंदा.

हलवा_म्हणू_नका · बुधवार, दुपारी ४.१८

खूप दिवस नुसती वाचते, आज लिहिते. मी कॉलेजला आहे, म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या 'पोरा'च्या बाजूची.

मी सहावीत असताना आईनं माझा बोरन्हाणाचा फोटो स्टेटसला ठेवला. हलव्याचे दागिने, खाली काही नाही. तेव्हा मी वर्षाची होते, फोटो गोडच आहे. पण आईच्या फोनमध्ये माझ्या मैत्रिणींच्या आया पण आहेत. दुसऱ्या दिवशी वर्गात माझं नाव हलवा पडलं ते एसएसएलसीपर्यंत. त्यानंतर मी घरात कॅमेरा दिसला की बाथरूममध्ये जायचे. शहापूरकरीण काकू, तुमची लेक हात आडवा धरते त्याला असं काहीतरी कारण असेल, नसेलही. पण तुम्ही सगळे "फोटो कुठे गेले" म्हणताय, ते कुठं गेलेले नाहीत. आम्ही दिलेच नाहीत. त्या वयात रोज सकाळी आरशात वेगळंच कोणीतरी दिसतं, आणि ते कायमचं करून ठेवायची घाई मोठ्यांना. ती चार वर्षं राहू देत की नसली तर.

कुंदाप्रेमी · बुधवार, दुपारी ४.३५

यावर विनोद सुचत नाहीय.

निपाणीकर_वखारवाले · बुधवार, संध्याकाळी ७.५०

ताई, तुमचं बरोबर हाय. पण नसलं तर नसलं हे असलेल्या माणसाला म्हणता येतं. मला कोण हलवा म्हणालं असतं तर म्हणू दे म्हटलं असतं, फोटो तर असता. माझा पोरगा माझा लहानपणचा फोटो बघायला मागतोय, मी काय दाखवू? हॉल तिकीट दाखवलं. तो म्हणाला, "गालावर काय लागलंय?"

हलवा_म्हणू_नका · बुधवार, रात्री ८.०४

दादा, हे मला सुचलं नव्हतं. तरी माझं म्हणणं काढण्याबद्दल कमी आणि दाखवण्याबद्दल जास्त आहे. दारातला फोटो तुम्ही कुणाला पाठवता?

निपाणीकर_वखारवाले · बुधवार, रात्री ८.१०

कुणालाच न्हाई. फोन पडला पाण्यात तर गेलं सगळं, ह्याची तेवढी भीती हाय.

अनगोळकर · बुधवार, रात्री ९.२०

वखारवाले, मग कागदावर छापा, वर्षाला बारा तरी. मेसेजवरून स्वतःलाच पाठवून ठेवू नका, त्यात फोटो दाबला जातो, मूळ फाइल वेगळी ठेवा.

जुन्यांबद्दल पण सांगतो, घरच्यांचे चारेकशे स्कॅन केलेत. काकांचा १९५४ चा कृष्णधवल आजही खणखणीत, माझा १९८८ चा रंगीत पार तांबूस झालाय. साहजिक आहे. कृष्णधवल फोटोत चांदी असते, रंगीतमध्ये रंगद्रव्यं, आणि त्या काळच्या कागदातलं निळसर द्रव्य कपाटात अंधारात ठेवलं तरी उडायचं. उरतं ते लाल-पिवळं. म्हणून ऐंशीच्या दशकात जन्मलेले आम्ही सगळे उन्हातून आल्यासारखे दिसतो. दुसरं, ते चिकट पानांचे प्लॅस्टिकवाले अल्बम, त्यांचा डिंक पिवळा पडून फोटोत उतरतो. हळूच काढा, नाही निघाला तर ओढू नका, तिथल्या तिथं फोटोचा फोटो घ्या. आपल्याकडच्या पावसानं काचेला चिकटलेले असतील ते पण काचेवरूनच घ्या. आज्जीबाईंनी मात्र तीट पुसून.

आज्जीबाई_टिळकवाडी · बुधवार, रात्री ९.३३

तीट राहू दे. तोच तर फोटो आहे.

सह्याद्री_७ · गुरुवार, सकाळी ८.१५

(मूळ विषयावर लिहितोय, संपादकांनी घाबरू नये.) आमच्याकडे वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. रोलमध्ये १२ फोटो, आणि भिंगाजवळ ऊन आणि ढग अशी दोन चित्रं, आकाश बघून फिरवायचं. एक रोल शिवजयंतीच्या चित्ररथापासून गणपतीपर्यंत पुरवायचे. त्यामुळं माझ्या दहाव्या-अकराव्या वर्षाचे फोटो आहेत, पण सगळे चित्ररथाचे. मी कोपऱ्यात, मावळ्याच्या वेषात, मिशी घामानं ओघळलेली. मावळ्यांत मी कुठला हे आता आईलाच ओळखता येतं, आणि ती दरवेळी वेगळा दाखवते.

खडेबाजारचा_बाळू · गुरुवार, सकाळी ८.४०

मला द्या त्यातला एक. कुठला पण.

शहापूरकरीण · रविवार, रात्री ९.२५

उशिरा आले, माफ करा. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

हलवाताई, तुझं वाचून मी लेकीला सरळ विचारलं, तुझे कुठले फोटो मी कुणाला दाखवले ते तुला आवडले नाहीत का. तिनं खाली बघून यादीच सांगितली! चन्नम्माचा पहिल्या नंबरवर. "तलवार धरलीय म्हणून नाही, डबा धरलाय म्हणून सगळे हसतात." मला वाटायचं तो तिचा पण लाडका आहे. मग तिनं अटी घातल्या. भिंतीवर कुठले लावायचे ते ती निवडणार. नवा फोटो एकच, जागा तिची, आणि तिला आवडला नाही तर तिच्यासमोर पुसायचा.

जागा निवडली माडीवरची. आमच्या घरात मागं माग होता, शहापुरी लुगडी विणायचे, आता माग नाही, खड्डा आहे आणि वरची माडी अडगळीची. तिथं ती दुपारी काय करत असते ते मला ठाऊक नव्हतं. जुनी बंद घड्याळं उघडून बसते. तीन घड्याळं, सगळी उघडी, चाकं पितळी ताटलीत मांडलेली. मला म्हणाली, "तू बस तिकडं, पण बोलू नको."

काका, हाताला काम मला द्यावं लागलं नाही. सहा फूट मागं बसले. खिडकी डाव्या हाताला. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पांढरं धोतर ताणून, त्याचं एक टोक मी खिळ्याला अडकवलं. अर्धा तास काही काढलाच नाही. तिनं एकदा मान वर केली, माझ्याकडं नाही, चिमट्यातल्या चाकाकडं बघायला, उजेडात धरून. तेवढाच काढला.

नाक पुढं धावतंय. केस बांधलेले नाहीत. बोटाला तेल. तिनं फोन घेतला, बराच वेळ बघितला, मोठा करून चाक बघितलं, स्वतःला नाही, आणि म्हणाली, "चालेल."

आता पंचाईत ऐका. उजव्या कडेला धोतर धरलेला माझा हात आलाय. कापू की ठेवू?

कुंदाप्रेमी · रविवार, रात्री ९.२८

हात सापडला!!

मलप्रभेकाठी · रविवार, रात्री ९.३०

हात लावलात तर बघा. म्हणजे हाताला हात लावलात तर.

हलवा_म्हणू_नका · रविवार, रात्री ९.४१

तिला विचारा. फोटो तिचा आहे.

डार्करूम · रविवार, रात्री ९.५५

मी ३४ वर्षं कापले. हा नको.

शहापूरकरीण · रविवार, रात्री १०.१०

विचारलं. म्हणाली, "असू दे, पण बांगडी सरळ कर म्हणून कुणी सांगितलं नाही का तुला." बाकीच्या वर्षांचं म्हणाल तर नवव्याला ओळखपत्राचा, दहाव्याला पंगतीतला आणि अकराव्याला पुरळाचाच जातोय. पुरळाचा तिनंच निवडला.

आज्जीबाई_टिळकवाडी · रविवार, रात्री १०.१४

गुणाची आहे. पण एक विचारते, ते धोतर कुणाचं गं?

शहापूरकरीण · रविवार, रात्री १०.१६

मामंजींचं. उद्या सोवळ्याला लागतं ते. मघापासून खाली कपाट उघडून शोधूलालेत. खिळ्यानं भोक पडलंय, सांगायचं कसं ते सुचवा.